टॉवरबाईच्या कमरेची घड्याळं

सकाळी डोळे उघडले की तुम्ही पहिल्यांदा कुठे जाता? लाजायचं कारण नाही, सगळेच जातात. राव असो की रंक, त्या एका खोलीकडे जाताना सगळे सारख्याच घाईत असतात. आता पुढचं सांगा. तुम्ही अंथरुणात कूस बदलत असता तेव्हा तुमच्या दारासमोरचा रस्ता झाडून जाणारी बाई कुठे जाते? विचार केलाय कधी? नसेलच केला. रस्ता स्वच्छ असला की तो आपोआप स्वच्छ असतो. घाण असला की मात्र त्या बाईची आठवण होते.

अशाच एका बाईची ही गोष्ट. तिला टॉवर म्हणतात.

बाई उंच आहे, हे खरं. लहानपणी भाऊ तिला शिडी म्हणायचे, माळ्यावरून काही काढायचं झालं की तिलाच हाक. पुढे ती झाडूकामाला लागली, तेव्हा गणवेशाचं जाकीट आखूड पडलं म्हणून वाढवून घ्यायला एका शिंप्याकडे गेली. शिंपी तिच्या खांद्याइतका. माप घ्यायला तो स्टुलावर चढला, तिला हसू आवरेना, आणि मग तोही टेप गळ्यात अडकवून हसत बसला. त्याच शिंप्याशी तिने लग्न केलं. आजही दोघांचं वाजलं की तो आधी स्टूल ओढतो, वर चढतो आणि मग तोंड उघडतो. भांडण तिथेच मरतं.

तिचा राग स्टोव्हसारखा आहे. भडकायला काडी पुरते, विझायला फुंकर. पण त्या दोन्हींच्या मधे जो सापडतो त्याची खैर नसते.

टॉवर हे नाव मात्र उंचीमुळे पडलं नाही, रागामुळेही नाही. ते पडलं घड्याळांमुळे.

झालं असं, की सफाईचं काम ठेकेदाराकडे गेलं आणि ठेकेदाराला वाटायला लागलं की बायका काम कमी करतात आणि बसतात जास्त. वाटणारच. ज्याने जन्मात झाडू धरला नाही त्याला कमरेत वाकलेली बाई लांबून बसलेलीच दिसते. त्याने सगळ्यांच्या मनगटाला घड्याळं बांधली. बाई कुठे आहे हे घड्याळ ऑफिसला कळवणार आणि ऑफिसातल्या पडद्यावर प्रत्येकीचा एक ठिपका दिसणार. ठिपका चालत असला की हिरवा. थांबला की पिवळा. थांबूनच राहिला की लाल, आणि लाल झाला की अर्धा रोज गेला.

पण घड्याळं घेतली स्वस्तातली. आपण कुठे आहोत हे त्यांचं त्यांना कळतच नव्हतं. आत सिम होतं, ऑफिसला निरोप धाडता यायचा, पण आकाशातल्या उपग्रहांशी बोलायची सोय नव्हती. मग दर टोळीला एक फोन दिला. फोनने उपग्रहांकडून आपली जागा समजून घ्यायची, ती ब्लूटूथवरून आसपासच्या घड्याळांना वाटायची, आणि घड्याळांनी ती ऑफिसला सांगायची. हातच्या काकणाला आरसा कशाला असं म्हणतात. इथे हातच्या घड्याळाला दुसरीच्या खिशातला फोन लागत होता.

टोळी चौघींची. एक ही. दुसरी मावशी, सगळ्यांत वयस्कर, जिला जगात कशाचंही नवल वाटत नाही. तिसरी चष्मेवाली, जिला पायाजवळचा कागदाचा कपटा दिसत नाही पण कोण कुणाशी बोलत उभं आहे ते दोन गल्ल्यांपलीकडून दिसतं. चौथी धाकटी, नवीनच लागलेली, कामाला चपळ आणि बोलायला मुखदुर्बळ. फोन हिच्याकडे आला, कारण मुकादमाचं म्हणणं असं की तापट माणूस वस्तू हरवत नाही.

फोन आणि घड्याळ यांच्यात रस्त्याच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर पडलं की त्यांचं नातं तुटायचं. तुटलं की फोन वाजायचा, टुंग. पुन्हा जवळ आलं की टिंग. आणि नातं तुटलेलं घड्याळ हट्टी म्हाताऱ्यासारखं शेवटची ठाऊक असलेली जागाच धरून बसायचं. बाई झाडत झाडत पार पुढच्या चौकात पोचली तरी पडद्यावर तिचा ठिपका मागच्या खांबालाच चिकटलेला. पिवळा, मग लाल, मग मुकादमाचा फोन की बसू नका.

मग काय, कोंबडीभोवती पिल्लं असावीत तशा तिघी हिच्याभोवती झाडायला लागल्या. एवढा मोठा बाजाररस्ता, आणि चार झाडू एकाच खांबाखाली. दुकानाची शटर वर करणारे लोक हसायचे, इथे सोनं सांडलंय का म्हणून विचारायचे. ही जरा पुढे सरकली की मागून चष्मेवालीची हाक यायची, "टॉवर, हलू नकोस गं, माझी रेंज चालली." झालं. नाव चिकटलं ते चिकटलं. मुकादमसुद्धा टॉवरबाई म्हणायला लागला.

हसण्यावारी नेलं तरी हाल व्हायचे ते व्हायचेच. त्या रस्त्यावर एकच सार्वजनिक संडास, आणि त्याच्या दाराला कुलूप. वर पाटी, दुरुस्ती सुरू आहे. पाटीचा रंगही उडत आला होता, म्हणजे आता पाटीचीच दुरुस्ती काढायची वेळ. मग बायकांनी करायचं काय? पाणी प्यायचं नाही. अगदीच नड आली तर दूरवरच्या दवाखान्यात जायचं, नाहीतर कुठल्यातरी आडोशाला. टॉवरला आडोशाला जायचं झालं तर आणखी पंचाईत, कारण फोन तिच्याकडे. ती गेली की तिघी लाल. एकदा तर चौघी मिळून ताडपत्रीमागे गेल्या आणि पडद्यावर चार पिवळे ठिपके एकमेकांना चिकटून उभे दिसले. मुकादमाने फोन करून विचारलं की तिथे एवढा कचरा निघाला का. मावशी म्हणाली, हो म्हणून सांग.

त्या दिवशी टॉवर घरी आली ती धुमसतच. घर म्हणजे एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला दुसऱ्यांचे कपडे टांगलेले. नवऱ्याने पायाखालची मशीन थांबवली आणि सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्याने एवढंच विचारलं, घड्याळाला मनगट लागतं का? म्हणजे ते नाडी-बिडी बघतं का? तिने सांगितलं की ते कसलं बघतंय, त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक नाही. मग नवऱ्याने जुन्या जीनच्या पट्ट्या काढल्या आणि एक कमरपट्टा शिवला. चार घड्याळांना चार फासे, मधे फोनचा खिसा, वरून जाकीट. तिच्या कमरेला तो बांधून बघताना त्याला राहवलं नाही.

"मला एक बायको सांभाळताना घाम फुटतो, आणि तू तिघी कमरेला बांधून हिंडणार."

"तुझी एकच तिघींना भारी आहे, म्हणून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून रस्ता पुन्हा रस्त्यासारखा झाडला जायला लागला. चौघी चार दिशांना पांगायच्या, आपापला तुकडा झाडायच्या, आणि पडद्यावर चार ठिपके टॉवरच्या कमरेवरून गुण्यागोविंदाने फिरायचे. कधी पिवळे नाहीत, लाल तर नाहीतच. ऑफिसने फळ्यावर त्यांच्या टोळीचं कौतुक लिहिलं, या भगिनी सदैव एकजुटीने काम करतात. चष्मेवालीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा टॉवरच्या कमरेत हसण्याने चमक भरली.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. या गोष्टीत पीठ त्यांचंच होतं आणि दळणारे हातही त्यांचेच.

धाकटीचं मात्र एक वेगळंच चाललं होतं. तिला दिवस गेले होते. सातवा लागला तरी मोठ्या मापाच्या जाकिटात ते झाकलं होतं, आणि जाकीट सैल करून दिलं होतं टॉवरच्या नवऱ्याने. सांगायचं कुणाला? ठेकेदाराकडे पोटुशी बाई आली की तिला प्रेमाने म्हणायचे, आराम करा. आरामाचा अर्थ असा की परत येशील तेव्हा तुझ्या जागी दुसरी असेल. टॉवरला तो आराम ठाऊक होता. तिच्या लेकीच्या वेळी ती काही दिवस झाडूकाम सोडून एका इमारतीचे जिने पुसायची. तिलाही असाच आराम मिळाला आणि मग परत काम मिळेस्तोवर लेक चालायला लागली होती. ती लेक आता औषधाच्या दुकानात कामाला आहे, पण आराम हा शब्द कुणी उच्चारला की टॉवरच्या कपाळावर आजही आठी पडते. तिने तिघींना बजावून ठेवलं होतं की धाकटीचं पोट हे टोळीचं पोट आहे, ते कुणाला दिसता कामा नये.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यावर चौघी जमल्या, हातगाडी उभी केली. टॉवर घड्याळं पट्ट्यात ओवत होती, तेवढ्यात धाकटी म्हणाली की ताई, आज माझं घड्याळ माझ्याकडे राहू दे. कशाला? तर तपासणीच्या वेळी नर्सने सांगितलं होतं, बाळ किती वेळात किती लाथा मारतं ते रोज मोजायचं. कालपासून ते जरा गप्प गप्प वाटत होतं. घरात घड्याळ नाही, फोन नवऱ्याकडे. मागच्या गल्लीतलं झाडून झालं की दोन मिनिटं पायरीवर टेकेन आणि मोजेन, असं तिचं म्हणणं. टॉवर नेहमीप्रमाणे आधी ओरडली, काल का नाही बोललीस म्हणून, आणि मग तिने घड्याळ काढून धाकटीच्या मनगटाला स्वतः बांधलं. लाल झालीस तर मी बघते मुकादमाला, तू मोज.

धाकटी मागच्या गल्लीत गेली. टॉवर मोठ्या रस्त्याला लागली. खिशातला फोन वाजला, टुंग.

मुकादमाचा फोन यायचा तो आलाच. धाकटी पंपाच्या कोपऱ्यावर बसून आहे, पिवळी होऊन लाल झालीसुद्धा, उठवा तिला. टॉवरने हो हो केलं आणि झाडत राहिली. पोरगी मोजत असेल, मोजू दे. पण टोळीची चहाची वेळ झाली, मावशी आली, चष्मेवाली आली, धाकटी नाही. चहा निवला. टॉवर मागच्या गल्लीत गेली.

गल्ली अर्धी झाडलेली होती. कचऱ्याचा एक ढीग नीट गोळा केलेला, पण उचललेला नाही. झाडू भिंतीला टेकवून ठेवलेला. हे बघितलं आणि टॉवर थबकली. झाडूवाली काम अर्धवट टाकेल, बोलणी खाईल, पण गोळा केलेला ढीग वाऱ्यावर सोडून जाणार नाही. स्वयंपाक करणारी बाई चुलीवर दूध ठेवून बाहेर जाते का?

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. हाका मारल्या, उत्तर नाही. चष्मेवाली म्हणाली घरी गेली असेल. मावशी, जिला कशाचंच नवल वाटत नाही, ती धाकटीचा झाडू उचलून घट्ट धरून उभी राहिली, आणि टॉवरला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिने मुकादमाला फोन लावला. धाकटी सापडत नाही म्हणून सांगितलं. मुकादम वैतागला. त्याच्यासमोर पडदा होता आणि पडद्यावर ती स्पष्ट दिसत होती, पंपाच्या कोपऱ्यावर, लाल. तुम्हीच नीट बघा टॉवरबाई, हातगाडीच्या आड बसली असेल. टॉवर उलट्या पावली कोपऱ्यावर गेली. हातगाडी होती. हातगाडीच्या आड एक कुत्रं होतं. तिच्या डोक्यात आता कुठे लख्ख उजेड पडला. कोपऱ्यावर तिने स्वतः धाकटीच्या मनगटाला घड्याळ बांधलं होतं. घड्याळाला ठाऊक असलेली ती शेवटची जागा. धाकटी आता कुठेही असली, कोसळून पडलेली असली तरी पडदा तिला इथेच दाखवत राहणार, आणि सगळं ऑफिस निवांत राहणार की बाई कुठे आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

आता खरं सांगायचं तर चौघींच्या पोटावर पाय. नाही सांगायचं तर मदतीला माणूस येणार नाही. टॉवरने एकदा मावशीकडे बघितलं. मावशीने मान हलवली.

"मुकादम, तुमच्या पडद्यावर दिसतेय ती जागा आहे, बाई नाही," ती म्हणाली. "आमची घड्याळं रोज माझ्या कमरेला असतात, सगळी. आज फक्त तिचं तिच्या हाताला आहे. आणि ती पोटुशी आहे, सातवा महिना चालू आहे. आता काय कापायचं ते नंतर कापा, आधी माणसं घेऊन या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मुकादम म्हणाला, "गाडी घेऊन निघतो."

टॉवरने कमरपट्टा सोडला. आपलं, मावशीचं आणि चष्मेवालीचं अशी तीन घड्याळं काढून तिने चष्मेवालीच्या हातात दिली आणि तिला हातगाडीपाशी उभं राहायला सांगितलं. चष्मेवालीला कळेना हे काय चाललंय. टॉवरने तिला एका दमात समजावलं. फोन दिवसभर टिंग टिंग करून डोकं उठवतो ना? आज तीनही घड्याळं लांब ठेवली तर तो फक्त एकीसाठीच वाजेल. ती जवळ आली की.

मग ती फोन दिव्यासारखा पुढे धरून मागच्या गल्लीत शिरली. इतके दिवस तिने त्या टिंगला शिव्या घातल्या होत्या. आता तीच टिंग ऐकायला कान टवकारून चालली होती. भिंतीआड, शटरआड रेंज पोचत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक दाराशी थांबत, प्रत्येक बोळात डोकावत. गोदामाचं दार. काही नाही. बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत, आत यंत्रं घरघरत होती. काही नाही. कारखान्याचं मागचं फाटक. तिथे चौकशी केली, कुणी आलं नव्हतं. फोन मेल्यासारखा गप्प. मावशी तिच्या मागून चालत होती, पायातल्या रबरी बुटांचा आवाज करत.

गल्लीच्या टोकाला एक अर्धवट बांधलेली इमारत होती. खाली दुकानांचे गाळे, वर नुसते खांब. टॉवर तिच्या समोरून पुढे गेली आणि फोन वाजला.

टिंग.

ती जागीच थांबली. एक पाऊल पुढे टाकलं, टुंग. मागे आली, टिंग. मावशी म्हणाली, "अगं, नाचतेस काय, आत जा." दोघी गाळ्यांमधल्या बोळात घुसल्या. सिमेंटची पोती, रंगाचे डबे, आणि अगदी मागे, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून, मजुरांच्या संडासाचं लोखंडी दार. त्याला बाहेरून कडी, कडीला कुलूप. टॉवरने झाडूचा दांडा उलटा धरून दारावर दणके घातले.

आतून आवाज आला, दमलेला पण धड.

"ताई, किती जोरात वाजवतेस गं. दचकलं ना ते."

टॉवरचा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे काय, भांड्याचा आवाज मावशीलाही आला असेल. तिने दाराला कपाळ टेकवलं आणि एरवी तिच्या तोंडून कधी न निघालेला शब्द निघाला, बाळा. तो पोटातल्याला होता की आतल्या धाकटीला, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते साधंच. धाकटीला नड आली. रस्त्यावरच्या संडासाला कुलूप, दवाखाना लांब. या इमारतीच्या मागच्या संडासाचं दार उघडं दिसलं म्हणून ती आत आली. रात्रपाळीचा पहारेकरी घरी निघाला होता, त्याने जाताना रोजच्यासारखी कडी घातली, कुलूप लावलं आणि गेला. आत कुणी आहे का म्हणून एक हाक मारायची त्याला गरज वाटली नाही. धाकटी ओरडली, दार बडवलं, पण भिंतीपलीकडच्या यंत्रांच्या घरघरीत तिचा आवाज कुणाला जाणार? थोडा वेळ रडली. मग रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसली आणि घड्याळात बघून लाथा मोजायला लागली. पण बाळ हलेना. मोजायला काहीच नव्हतं. ती पोटावर हात ठेवून नुसत्या आकड्यांकडे बघत बसली होती, आणि कोंडल्या गेल्याची भीती त्या भीतीपुढे काहीच नव्हती. ती सांगते, की टॉवरने दारावर दणका घातला आणि त्याच क्षणी आतून लाथ बसली. मग दुसरी. मग थांबायचं नावच नाही.

मुकादम आला तो कचरागाडीतूनच, ड्रायव्हरशेजारी बसून, हातात पहार. कुलूप दोन घावांत तुटलं. धाकटी बाहेर आली, उजेडात डोळे मिचकावत, आणि पहिली गोष्ट काय बोलली तर माझा ढीग तसाच राहिला. मावशी, जिला जगात कशाचंच नवल वाटत नाही, ती मटकन पोत्यावर बसली आणि घळाघळा रडायला लागली. नंतर म्हणाली सिमेंट डोळ्यांत गेलं.

धाकटीला आधी दवाखान्यात नेलं. तिथे तपासून सांगितलं की बाळ ठणठणीत आहे, आईने पाणी भरपूर प्यायला हवं आणि लघवी अडवून धरायची नाही. टॉवर डॉक्टरीणबाईंना म्हणाली की हे तुम्ही लिहून आमच्या ठेकेदाराला द्या.

मग सगळे बाहेर आले आणि आता राहिलं होतं ते बोलणं. बातमी कळून चष्मेवाली हातगाडीपासून धावत आली होती आणि हातात तीन घड्याळं धरून उभी होती, चोराने मुद्देमालासकट उभं राहावं तशी. मुकादमाने घड्याळांकडे बघितलं, टॉवरकडे बघितलं, घसा खाकरला. आणि टॉवरची नजर गेली कचरागाडीकडे. ड्रायव्हरच्या समोरच्या आरशाला एक घड्याळ लोंबकळत होतं. त्याच कंपनीचं, त्याच पट्ट्याचं. मुकादमांनाही ठेकेदाराने घड्याळ दिलं होतं, त्यांनी दिवसभर सगळ्या रस्त्यांवर हिंडून पाहणी करावी म्हणून. या मुकादमाचं मनगट मात्र उघडं होतं.

तिला सगळा उलगडा झाला. गाडी दिवसभर सगळ्या रस्त्यांवरून फिरते. ड्रायव्हरच्या फोनवरून जागा घेत घेत मुकादमाचा ठिपकाही फिरतो. मुकादम स्वतः ऑफिसात पंख्याखाली.

"मुकादम," तिने शांतपणे विचारलं, "तुम्ही आत्ता पाहणीला निघालाय की ऑफिसात आहात?"

ड्रायव्हर खिडकीतून दुसरीकडे बघायला लागला. मुकादम आधी लाल झाला, मग पिवळा, आणि शेवटी हसायला लागला. इतका हसला की पहार टेकवून उभं राहावं लागलं. मग सगळेच हसले, धाकटी पोट धरून, आणि त्या हसण्यात जे काही कापायचं होतं ते सगळं वाहून गेलं.

पण टॉवर टॉवरच. हसणं ओसरलं तशी ती म्हणाली की पहार हातात आहेच, तर जाता जाता एक काम उरकू. वाटेत पंपाच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीत फोन आणि चारही घड्याळं ठेवून, चौघी पुढे, मुकादम मागे, अशी वरात सार्वजनिक संडासापाशी आली. मुकादमाने दोनदा वळून बघितलं, कुणी बघतंय का. बघत होते की, सगळी दुकानं बघत होती. त्याने पाटी बाजूला केली आणि कुलपावर घाव घातला. आत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. नळाला पाणी होतं. नुसती धूळ होती, आणि धूळ काढायला तिथे चौघी उभ्या होत्याच.

कुलूप कुणी तोडलं हे ठेकेदाराने नंतर विचारलं. सगळ्या रस्त्याने एकमुखाने सांगितलं की ठाऊक नाही. पडद्यावर शोधायला गेले, तर त्या वेळी चारही झाडूवाल्या पंपाच्या कोपऱ्यावर दिसत होत्या आणि मुकादम दवाखान्याच्या फाटकाशी, जिथे गाडी उभी होती. यंत्र खोटं कशाला बोलेल?

धाकटी आठव्या महिन्यापासून घरी राहिली. तिच्या वाटणीचा रस्ता तिघींनी वाटून घेतला. तिचं घड्याळ मात्र एक दिवसही रजेवर गेलं नाही. ते टॉवरच्या कमरेवर रोज बाजाररस्ता हिंडत होतं, हिरवंगार, आणि धाकटीचा पगार वेळेवर तिच्या घरी पोचत होता. जे यंत्र तिला पकडायला आणलं होतं त्यानेच तिला खरा आराम दिला. मुकादमाला ठाऊक होतं, आणि मुकादमाला ठाऊक आहे हे टॉवरला ठाऊक होतं.

धाकटीला मुलगी झाली. नाव काय ठेवायचं ते घरचे ठरवतील तेव्हा ठरवतील, टोळीत तिला टिंगच म्हणतात. टॉवरच्या नवऱ्याने उरलेल्या जीनच्या तुकड्यांतून तिला एक झबलं शिवलं. माप घेताना यावेळी त्याला स्टुलावर चढावं लागलं नाही, उलट जमिनीवर पालथं पडावं लागलं. टॉवर दारात उभी राहून बघत होती आणि तिला कशाचाही राग आलेला नव्हता. तशी ती दुर्मीळच वेळ.

एवढं वाचलंत, तर माझं एक ऐका. उद्या सकाळी तुमच्या दाराबाहेर झाडूचा आवाज आला, आणि ती बाई क्षणभर थांबून काही न बोलता तुमच्या दाराकडे बघत राहिली, तर तिला बोलायला लावू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ तिच्यावर आणू नका. दार उघडा, तुमची ती खोली कुठे आहे ते हाताने दाखवा, आणि ती बाहेर येईस्तोवर बाजूला व्हा.